पावसाळ्यापूर्वी होडीच्या आउटबोर्ड इंजिनाची निगा व साठवण

कोकणच्या किनारपट्टीवर आगोट जवळ आली म्हणजे घरोघरी साठवणीची लगबग सुरू होते. सरपण रचले जाते, मिरची-मसाला भरला जातो, बियाण्याचे भात पुन्हा एकदा उन्हात घालून नीट बांधून ठेवले जाते. खाडीकाठच्या गावांतून शेतीबरोबरच मासेमारी करणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांच्याकडे याच दिवसांत होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारली जाते आणि जाळी धुऊन, वाळवून आढ्याला टांगली जातात. परंतु होडीच्या मागील फळीवर बाहेरून अडकविलेले आउटबोर्ड इंजिन मात्र पुष्कळदा समुद्रावरून आले तसेच पडवीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवले जाते. दोन-अडीच महिने त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

याचा परिणाम ऑगस्टमध्ये दिसतो. बंदीचा काळ संपतो, नारळी पौर्णिमा होते आणि हंगामाच्या पहिल्या फेरीसाठी इंजिन बाहेर काढले जाते. दोरी ओढावी तर ती जागची हलत नाही; अथवा इंजिन सुरू होते, पण खाडीच्या मुखापर्यंत जाऊन बंद पडते. त्या दिवसांत खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात व ओहोटीचा ओढही जबर असतो. अशा ठिकाणी बंद पडलेल्या इंजिनाने होडी आडवी होते. मग प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. तो होडीतील माणसांच्या जिवाचा होतो.

हे इंजिन समुद्रावर बिघडलेले नसते. ते घरात, स्वस्थ बसल्या जागी बिघडलेले असते. मे महिन्याच्या अखेरीस अर्ध्या दिवसाचे काम केले असते तर ते टळले असते. ते काम कोणते व कोणत्या क्रमाने करावे, हे या पाठात सांगितले आहे.

बंद ठेवलेले इंजिन का बिघडते?

इंजिनाबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका बहुधा थंड देशांतील परिस्थिती लक्षात घेऊन लिहिलेल्या असतात. त्या देशांत हिवाळ्यात होड्या बाहेर काढतात. इंजिनात राहिलेले पाणी गोठले की ते फुगते आणि त्या दाबाने धातूचे कवच तडकते. म्हणून पाणी काढून टाकण्यावर तेथे सर्व भर असतो. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नाही. आपले शत्रू निराळे आहेत, आणि ते तीन आहेत.

पहिला शत्रू मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे इंजिन समुद्राचेच पाणी आत ओढून थंड राहते. त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर त्याच्या आतील बारीक मार्गांत मिठाचा थर बसतो. मे महिन्यात हा थर कोरडा, पांढरा व निरुपद्रवी दिसतो. परंतु हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. स्वयंपाकघरातील मिठाची बरणी पावसाळ्यात ओली होते, त्याचे कारण हेच. कोकणात जुलै महिन्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे न धुता ठेवलेले इंजिन पावसाळाभर खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवल्यासारखेच असते. त्यातील ॲल्युमिनियम खाल्ले जाते, लोखंडी बोल्ट गंजून बसतात आणि पाण्याचे मार्ग चोंदतात.

दुसरा शत्रू शिळे पेट्रोल. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा खेळत राहिली तर हे पाणी हळूहळू वाढते. ते एका मर्यादेपलीकडे गेले म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच ओढते, म्हणून प्रथम हाच थर आत जातो. टू-स्ट्रोक इंजिनात तर आणखी एक अनर्थ होतो. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि खालच्या थरात ते जवळजवळ नसते. अशा स्थितीत इंजिन चालू झालेच तर ते वंगणावाचून चालते. शिवाय कार्बुरेटरच्या वाटीत राहिलेले थोडेसे पेट्रोल उडून गेले की मागे चिकट राळ उरते व ती बारीक छिद्रे बंद करते.

तिसरा शत्रू आतील ओल. सिलिंडरच्या आतील भिंत व पिस्टनच्या कड्या यांच्यावर तेलाचा थर नसेल तर दमट हवेने तेथे गंज धरतो व पिस्टन जागीच बसतो. खालच्या गिअरपेटीत झिरपलेले पाणीही याच प्रकारे बेअरिंगे व दातेरी चाके खाते.

काम केव्हा करावे?

पश्चिम किनाऱ्यावर सध्या १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रचलित नौकांना मासेमारीची बंदी असते. महाराष्ट्रात तिची अंमलबजावणी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये होते. त्या त्या वर्षीच्या तारखा मत्स्यव्यवसाय खात्याच्या आदेशात पाहून घ्याव्यात.

२५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते व धूळवाफेवर भात पेरण्याची घाई होते. पुढे मृगाचा पाऊस, नांगरणी, चिखलणी व लावणी अशी कामे एकामागून एक येतात. एकदा माणूस शेतात उतरला म्हणजे इंजिनाकडे पाहण्यास त्याला सवड होत नाही. यास्तव शेवटची फेरी झाली की त्याच दिवशी इंजिन गोड्या पाण्याने धुवावे आणि उरलेले काम पाऊस लागण्यापूर्वी एका कोरड्या दिवशी उरकून घ्यावे.

लागणारे साहित्य

१. इंजिन अडकविण्यासाठी मजबूत लाकडी घोडी.
२. तोंड उघडे असलेले सुमारे २०० लिटरचे पिंप व ते दोनदा भरेल इतके गोडे पाणी.
३. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, प्लग काढण्याचा पाना, मऊ ब्रश व स्वच्छ सुती चिंध्या.
४. इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे गिअर तेल व इंजिन तेल.
५. खाऱ्या पाण्यात टिकणारे ग्रीस.
६. गिअरपेटीच्या स्क्रूंसाठी नवे वॉशर.
७. जुने तेल व पेट्रोल साठविण्यासाठी झाकणाचे दोन निरनिराळे डबे.

कामाचा क्रम

१. गोड्या पाण्याने आतून धुणे

इंजिन घोडीवर किंवा पिंपाच्या काठावर घट्ट अडकवावे व त्याचा पंखा काढून ठेवावा. पिंपात इतके पाणी भरावे की पाणी ओढण्याची जाळी व तिच्या वरची आडवी पट्टी पूर्ण बुडेल. गिअर मध्यावर ठेवून इंजिन सुरू करावे व मंद गतीवर दहा ते पंधरा मिनिटे चालवावे. इंजिन गरम झाल्यावरच आतील थर्मोस्टॅट उघडतो व सर्व मार्गांतून पाणी फिरते. म्हणून दोन मिनिटांत काम आटोपू नये. पहिल्या खेपेस पिंपातील पाणी खारट होते. ते फेकून देऊन दुसऱ्यांदा ताजे पाणी भरावे व पुन्हा धुवावे.

इंजिन चालू असताना मागच्या छिद्रातून पाण्याची धार सतत पडली पाहिजे. धार थांबल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. पाण्याच्या पंपातील रबरी चाक पाण्यानेच ओले राहते. कोरडे फिरले तर ते थोड्याच वेळात जळते. यास्तव पाण्यावाचून इंजिन क्षणभरही सुरू करू नये. काही नव्या इंजिनांना नळाची रबरी नळी जोडण्यासाठी स्वतंत्र तोंड असते. त्याचा वापर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे करावा.

हे काम उघड्यावरच करावे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू असतो. बंद पडवीत किंवा खोलीत इंजिन चालविणे प्राणघातक ठरू शकते.

२. पेट्रोल काढून टाकणे

दुसऱ्या खेपेचे धुणे संपत आले म्हणजे पेट्रोलची नळी इंजिनापासून सोडावी व इंजिन मंद गतीवरच आपोआप बंद पडू द्यावे. त्यानंतर कार्बुरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोल लहान भांड्यात काढून घ्यावे. कार्बुरेटर नसलेल्या, म्हणजे पेट्रोलची फवारणी विद्युत्‌पंपाने होणाऱ्या इंजिनांना मात्र ही रीत लागू नाही. त्यांची पेट्रोलव्यवस्था कोरडी चालवू नये. पुस्तिकेतील सूचना किंवा जाणत्या कारागिराचा सल्ला प्रमाण मानावा.

टाकी पूर्ण रिकामी करावी व आतून वाळू द्यावी. काढलेले पेट्रोल वाया घालविण्याचे कारण नाही. फोर-स्ट्रोक इंजिनाचे स्वच्छ, ताजे पेट्रोल मोटारसायकलमध्ये वापरता येते. टू-स्ट्रोकचे तेलमिश्रित पेट्रोल मोटारसायकलमध्ये घालू नये. परंतु फवारणी पंप अथवा गवत कापण्याचे यंत्र टू-स्ट्रोक असेल व त्याच्या मिश्रणाचे प्रमाण तेच असेल, तर ते त्यात काही दिवसांत वापरून संपवावे. पेट्रोलच्या तळाशी वेगळा थर दिसला तर ते कोणत्याही यंत्रात घालू नये.

याच वेळी पेट्रोलच्या नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. रबर तडकलेले, फुगलेले किंवा चिकट झालेले आढळल्यास नळी बदलावी.

३. सिलिंडरमध्ये तेल घालणे

प्रथम इंजिन बंद करण्याची सुरक्षा-कळ काढून घ्यावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही. स्पार्क प्लग काढावेत. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचाभर, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, स्वच्छ इंजिन तेल घालावे. सुरू करण्याची दोरी सावकाश चार-पाच वेळा ओढावी, म्हणजे तेल सर्व भिंतींवर पसरेल. प्लग पुसून, तपासून परत बसवावेत. प्लगची भोके उघडी ठेवू नयेत.

फोर-स्ट्रोक इंजिनातील तेल धुण्यानंतर इंजिन कोमट असतानाच काढावे व नवे भरावे. वापरलेल्या तेलात ओल व आम्ल साठलेले असते. तेच तेल पावसाळाभर आत राहिले तर बेअरिंगांना इजा होते.

४. गिअर तेल बदलणे

हे काम पुष्कळजण हंगाम सुरू होताना करतात. ते चुकीचे आहे. कारण गिअरपेटीत पाणी शिरले असेल तर दोन महिन्यांत त्याने आपले काम केलेले असते. तेल बदलावयाचे ते साठवणीपूर्वीच.

इंजिन उभे ठेवावे. गिअरपेटीला खाली एक व वर एक असे दोन स्क्रू असतात. आधी खालचा व मग वरचा काढून तेल डब्यात पडू द्यावे आणि त्याचे नीट निरीक्षण करावे. तेल दुधाळ किंवा दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे, म्हणजेच तेलरोधक रबरी कडी निकामी झाली आहे, असे समजावे. तेलात धातूचे कण चमकत असतील तर दातेरी चाके झिजत आहेत. दोन्ही बाबतींत कारागिराला दाखवावे. बंदीच्या काळात दुरुस्तीस पुरेसा अवकाश असतो. ऑगस्टमध्ये तो नसतो.

नवे तेल खालच्या छिद्रातून वर चढवावे. वरच्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागले म्हणजे आतील हवा निघून गेली. मग आधी वरचा स्क्रू लावावा आणि नंतर तेलाची नळी काढून चटकन खालचा लावावा. दोन्हींना नवे वॉशर घालावेत.

५. पंखा, दांडा व जस्ताची वडी

काढून ठेवलेला पंखा तपासावा. पाते वाकलेले किंवा तुटलेले असेल तर इंजिनाला हादरे बसतात. पंख्यामागे दांड्याभोवती तंगूस गुंडाळलेला आहे काय, हे अवश्य पाहावे. जाळ्याचा हा बारीक नायलॉन दोरा तेलरोधक कडी कापतो, आणि गिअरपेटीत पाणी शिरण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. तो पूर्ण काढून दांड्याला ग्रीस लावावे व पंखा परत बसवावा.

इंजिनाच्या खालच्या भागावर जस्ताची एक वडी किंवा पट्टी असते. खारे पाणी इंजिनाच्या धातूऐवजी प्रथम या जस्ताला खाते. म्हणजे स्वतः झिजून ते इंजिनाचे रक्षण करते. ती अर्धी झिजली असल्यास बदलावी. तिच्यावर रंग कधीही लावू नये. रंगविलेले जस्त काहीच काम करीत नाही.

६. बाहेरील भाग

वरचे झाकण काढून आतील मीठ ओल्या फडक्याने पुसावे. विजेच्या तारांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. सर्व कोरडे झाल्यावर उघड्या लोखंडी भागांवर गंजरोधक तेलाचा पातळ हात द्यावा. रबरी पट्टे मात्र तेलापासून जपावेत. इंजिन वळण्याचा खुंटा, वर उचलण्याची बिजागरी व होडीला आवळण्याचे स्क्रू यांना ताजे ग्रीस भरावे. रंग उडालेल्या जागा घासून पुन्हा रंगवाव्यात.

ज्या इंजिनांना बॅटरी असते त्यांची बॅटरी काढून, पूर्ण भारित करून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा कोरड्या व हवेशीर ठिकाणी फळीवर ठेवावी. महिन्यातून एकदा तिला पुन्हा भारित करावे.

७. जुन्या तेलाची विल्हेवाट

काढलेले तेल खाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. ज्या खाडीत कालवे व तिसऱ्या वाढतात, ज्या चिंबोऱ्यांवर पावसाळ्यात घरचे कालवण होते, त्याच पाण्यावर या तेलाचा तवंग पसरतो. जुने तेल डब्यात साठवून तालुक्याच्या गॅरेजमध्ये द्यावे.

इंजिन कोठे व कसे ठेवावे?

इंजिन घोडीवर उभेच ठेवावे, म्हणजे आत उरलेले पाणी आपोआप खाली गळून जाईल. आडवे ठेवणे भागच असेल तर प्रथम ते बराच वेळ उभे ठेवून सर्व पाणी निथळू द्यावे आणि डोक्याकडील भाग पंख्याकडील भागापेक्षा नेहमी उंच राहील असे ठेवावे. उलट ठेवल्यास पाणी सिलिंडरमध्ये उतरते. फोर-स्ट्रोक इंजिन कोणत्या कुशीवर ठेवावे हे बहुधा इंजिनावरच दर्शविलेले असते. चुकीच्या कुशीवर ठेवल्यास तेल सिलिंडरमध्ये शिरते.

शेतकऱ्याच्या घरी जागा निवडताना पुढील गोष्टी विशेषेकरून ध्यानात घ्याव्यात.

खताच्या पोत्यांजवळ इंजिन ठेवू नये. खते हवेतील ओल ओढतात, आणि त्यांतील क्षार धातूला मिठासारखेच खातात. गोठ्यात ठेवू नये. गोमूत्रापासून निघणाऱ्या अमोनियाने तांब्या-पितळेचे भाग व विजेचे जोड खराब होतात. चुलीजवळ किंवा देवघरातील दिव्याजवळ ठेवू नये. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि ती पेट घेते. पेंढ्यात गुंडाळून ठेवू नये. पेंढा ओल धरतो व त्यात उंदीर घर करतात. उंदरांनी तारा कुरतडल्या तर बिघाड शोधता शोधता पुरेवाट होते.

प्लास्टिकच्या कागदात इंजिन घट्ट बांधणे हा फार प्रचलित दोष आहे. बाहेरचा पाऊस त्याने अडतो हे खरे, पण आतील ओल तेथेच कोंडून राहते व धातूवर दव धरते. जुन्या सुती चादरीचे आच्छादन घालावे, खालून हवा खेळती ठेवावी आणि इंजिन गळणाऱ्या कौलांखाली नाही याची खात्री करून घ्यावी. माजघरातील किंवा पडवीतील ओल न येणारा कोपरा सर्वांत बरा.

साठवणीच्या काळात

दर पंधरा दिवसांनी, पावसाने उघडीप दिली म्हणजे, आच्छादन काढून इंजिनाला हवा द्यावी. सुरक्षा-कळ काढलेलीच ठेवून दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी, म्हणजे पिस्टन एकाच जागी चिकटून राहणार नाही. जुलैच्या मध्यास सिलिंडरमध्ये आणखी अर्धा चमचा तेल घालावे. लावणीच्या गडबडीतही या कामास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. घरातील मुलास किंवा मुलीस ते शिकवून ठेवावे.

हंगामाच्या आरंभी पुन्हा सुरू करताना

१. प्लग काढून, सुरक्षा-कळ काढलेली असताना, दोरी काही वेळा ओढून जास्तीचे तेल बाहेर जाऊ द्यावे. प्लग पुसून किंवा नवे घालून बसवावेत.
२. टाकी आतून कोरडी व स्वच्छ आहे हे पाहून ताजे पेट्रोल भरावे. टू-स्ट्रोक इंजिनात पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच तेल मिसळावे. प्रमाण ५० ला १ असेल तर दर लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते. हे माप डोळ्यांच्या अंदाजाने घेऊ नये.
३. इंजिन प्रथम पिंपातच सुरू करावे. आरंभी थोडा वेळ पांढरा धूर येतो; ते आत घातलेले तेल जळत असते.
४. पाण्याची धार पाहावी. धार बारीक असेल तर पंपाचे रबरी चाक बदलून घ्यावे. त्याची पाती बसल्या जागी वाकून ताठ होतात.
५. पहिली फेरी खाडीच्या आतच, शांत पाण्यात करावी. एक तासभर इंजिन निर्वेध चालल्यावरच खाडीचे मुख ओलांडण्याचा विचार करावा. वल्ही, नांगर व दोर, प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट, एक जादा प्लग व पाने होडीत असल्याखेरीज निघू नये.

इंजिन पाण्यात पडल्यास

उधाणात किंवा खाडीच्या पुरात कधी कधी होडीसह इंजिन बुडते. असे इंजिन बाहेर काढून उन्हात वाळत ठेवणे ही मोठी चूक होय. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या धातूला हवा लागली की गंज झपाट्याने चढतो. ते लगेच गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून पाणी निथळू द्यावे, सिलिंडरमध्ये तेल घालावे आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे. तसे शक्य नसेल तर कारागीर मिळेपर्यंत इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवावे. दोरी ओढताना अडत असेल तर जोर करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ही माहिती सभेत वाचून दाखविण्यापेक्षा बंदरावर एक इंजिन प्रत्यक्ष उघडून दाखविणे अधिक परिणामकारक होते. मेच्या तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्यात, ओहोटीच्या वेळी होड्या किनाऱ्याला असताना असे प्रात्यक्षिक ठरवावे. एखादे जुने व एखादे चांगले राखलेले, अशा दोन इंजिनांचे गिअर तेल काचेच्या दोन बाटल्यांत शेजारी शेजारी ठेवावे. दुधाळ तेल व स्वच्छ तेल यांतील फरक एकदा डोळ्यांनी पाहिला म्हणजे निराळे सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे एका बशीत मीठ घालून ती जूनच्या पहिल्या पावसात पडवीत ठेवावी व चार दिवसांनी सर्वांना दाखवावी.

पिंप, घोडी व प्लगचा पाना हे साहित्य प्रत्येक घरी असण्याची आवश्यकता नाही. वाडीतील पाच-सहा होडीवाल्यांनी मिळून एकच संच केला तरी काम भागते. प्रात्यक्षिकाच्या वेळी अनुभवी कारागिरास अवश्य बोलवावे. गावातील ज्या वृद्ध मच्छीमारांनी शिडाच्या होड्या हाकल्या त्यांचेही ऐकून घ्यावे. कारण खाडीचे मुख केव्हा ओलांडावे व केव्हा ओलांडू नये, हे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत मिळत नाही.

समारोप

शेतकरी बियाणे वाळवून ठेवतो ते पुढच्या हंगामावर नजर ठेवून. नांगराचा फाळ पुसून ठेवतो तोही त्याच विचाराने. इंजिन हे खाडीवरच्या शेतकऱ्याचे औतच होय. मीठ धुणे, पेट्रोल काढणे, सिलिंडरला तेल देणे, गिअर तेल बदलणे व इंजिन हवेशीर जागी उभे ठेवणे या पाच गोष्टी केल्या, तर हंगामाच्या पहिल्या दिवशी दोरी ओढणाऱ्या हाताला इंजिन साथ देईल, आणि घरच्या माणसांना किनाऱ्यावर उभे राहून काळजी करण्याची वेळ येणार नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१. मे महिन्यात कोरडे दिसणारे मीठ पावसाळ्यात इंजिनास अपायकारक का होते?
२. टाकीत अर्धे पेट्रोल ठेवल्यास टू-स्ट्रोक इंजिनाला कोणता धोका संभवतो?
३. गिअर तेल हंगामाच्या आरंभी न बदलता साठवणीपूर्वी का बदलावे?
४. इंजिन गोठ्यात, खताजवळ किंवा प्लास्टिकमध्ये बांधून का ठेवू नये?
५. आपल्या गावात अशी किती इंजिने आहेत, आणि त्यांपैकी किती गेल्या पावसाळ्यापूर्वी धुऊन ठेवली होती? घरोघरी जाऊन यादी करा.